लॅक्स्टनच्या बांधावरून

नॉटिंगहॅम,
रविवार

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

आई, तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी. थंडी कडाक्याची आहे आणि हो, कानाला बांधते. पुढचं पत्र बाबांसाठी आहे, पण तूही वाच, कारण शेवटी बापूकाकांचा विषय निघणार आहे.

बाबा, इथून गाडीने तासाभराच्या आत लॅक्स्टन नावाचं खेडं आहे. ऑफिसातल्या एकीचं माहेर तिथलं. एक चर्च, एक पब, जुन्या गढीची मातीची टेकडी, लाल विटांची घरं. शेतकरी सगळे गावात राहतात आणि रानं गावाबाहेर. तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल? पण इंग्लंडात ते नवलच. इतरत्र घर बहुतेक रानातच, भोवती कुंपण, आपण आणि आपली गुरं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी संसदेकडून कायदे करून घेतले आणि गावोगावची सामाईक शिवारं कुंपणात घातली. लॅक्स्टनच्या दोन बड्या जमीनदारांचं आपसात जमेना, म्हणून इथलं राहून गेलं. भांडणाने गावाचं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

गावाला तीन मोठी शिवारं आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. मध्ये कुठेही कुंपण नाही, प्रत्येकाच्या पट्ट्या तिन्हीकडे विखुरलेल्या. एका शिवारात थंडीआधी पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतातली पेरणी, तिसरं विसाव्याला. दर वर्षी पाळी फिरते आणि ती सगळ्यांनाच पाळावी लागते. यंदा मला वेगळं काही पेरायचंय, हे चालत नाही. माती चिकट, भारी, आपल्या काळ्या रानासारखी बुटाला धरून घरापर्यंत येणारी.

मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने १६३५ साली या गावाचा नकाशा काढला. म्हणजे शिवाजी महाराज पाच वर्षांचे असताना. त्यात एकेक पट्टी दाखवलीय आणि वर नांगरणारी, कापणी करणारी इवलीशी माणसंही काढलीत. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. तेव्हाच्या पुष्कळ बारीक पट्ट्या पुढे एकत्र केल्या, पण शिवारं तीच.

शेतकरी बहुतेक कुळंच. १९५२ मध्ये सरकारच्या शेती खात्याने ही जहागीर विकत घेतली, १९८१ मध्ये ती राजसत्तेच्या जमिनी सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२० मध्ये जुन्या जमीनदार घराण्याच्या थोर्सबी इस्टेटकडे परतली. ‘कसेल त्याची जमीन’ ऐकत वाढलेल्या तुम्हाला हे रुचणार नाही. मलाही ते काही फार रुचलं नाही. पण मालक बदलले तरी शिवाराचा कारभार कसणाऱ्यांच्याच हाती राहिला, हे मानावं लागेल.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरच्या अखेरीस, नवा गहू उगवला की, गावातलेच बारा पंच त्या शिवाराची पाहणी करतात. गेल्या गुरुवारी मी कडेला उभी राहून बघत होते. मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली. एकाने हद्दीच्या टोकाला खुंटी धरली, दुसरा पार लांबच्या खुंटीकडे एक डोळा मिटून बघत होता. ‘जरा डावीकडे, अजून, बस!’ आणि मग हातोडा. एका ठिकाणी कोणाचा तरी नांगर वाटेच्या गवतात घुसला होता, फार तर वीतभर. सगळे वाकून बघत होते आणि ज्याचं रान तो तिथेच उभा होता, कारण तोही पंचच! कोणी आवाज चढवला नाही. नाव टिपलं, पुढे चालू लागले.

येत्या गुरुवारी पबमध्येच गावाची न्यायसभा भरेल. तिला कोर्ट लीट म्हणतात. तिथे दंड कायम होईल, पुढच्या शिवारासाठी नवे पंच नेमले जातील. दंडाची रक्कम फार नसते, पण सगळ्या गावासमोर नाव पुकारलं जातं. १९७७ च्या कायद्याने देशभरातल्या अशा सभांचे न्यायाचे अधिकार काढून घेतले, इथल्या सभेचा शिवारावरचा अधिकार मात्र टिकला. गावात जुना कोंडवाडाही आहे, पण तो आता रिकामाच.

बाबा, बापूकाकांनी बांध कोरला की तुम्ही, हे मला ठरवायचं नाही. नांगराच्या दोन तासांचा फरक असेल नसेल, आणि वकिलाची फी त्या मातीच्या किमतीपुढे गेली असेल. मोजणी होईल तेव्हा होईल. मला एवढंच वाटतं, की ज्वारी निघाली आणि रान मोकळं झालं की तुम्ही दोघांनी, शेजारच्या चार बांधकऱ्यांना घेऊन, लिंबापासून विहिरीपर्यंत एकदा चालावं आणि सगळ्यांदेखत खुंट्या रोवाव्यात. ऑफिसातल्या टेबलावर हद्द काय कळणार? ती ज्यांची औतं तिथे फिरतात त्यांनाच माहीत.

तुम्ही ‘बघू’ म्हणाल आणि विषय तिथेच बारगळेल. म्हणून आई, तूच सुनंदाकाकूंकडून बापूकाकांचा नवा नंबर घेऊन मला पाठव. बाबांना विचारत बसू नकोस. मी त्यांना आधी या गावाचंच सांगणार आहे. बांधाचं ते स्वतःच काढतील.

तुमची,
मनीषा