चार मशीन, एक ऑपरेटर : हिशेब मांडून पाहा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑटोमेशनमुळे कारखान्यांतल्या नोकऱ्या राहतील की जातील, ही चर्चा बहुतेक वेळा माणसांच्या संख्येपाशीच थांबते. मशीनसमोर जो ऑपरेटर उरतो, त्याच्या वाट्याला नेमके कोणते काम येते, हे फारसे कोणी पाहत नाही. माल बिघडतो आणि माणसे दमतात ती तिथेच, म्हणून हे पत्र.

सीएनसी लेथवरचे (जॉब फिरवत धातू कापणाऱ्या संगणक-नियंत्रित मशीनवरचे) जुने काम सर्वांना ठाऊक आहे. दार उघडायचे, तयार जॉब (घडवायचा भाग) काढायचा, जॉवर, म्हणजे चकच्या पकडणाऱ्या जबड्यांवर, हवा मारायची, नवा जॉब टेकवून चक आवळायला पेडल दाबायचे, दार लावून सायकल, म्हणजे एका जॉबच्या कामाची फेरी, सुरू करायची. आता हे गँट्री लोडर (वरच्या रुळावरून सरकत जॉब उचलणारी यंत्रणा) किंवा रोबो करतो. पण त्या दहा-बारा सेकंदांत हात आणखी बरेच काही करत होता. बोट फिरले की बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार कोर, लागायची. कास्टिंगला (ओतीव भागाला) फ्लॅश, म्हणजे कडेचा जादा धातू, जास्त असली, तर जॉब चकमध्ये नीट बसत नाही हे मनगटाला समजायचे. जॉब रोजच्यापेक्षा गरम लागला, की इन्सर्ट (टूलवरचा बदलता कापणारा तुकडा) घासला असेल किंवा कूलंटची (थंड करणाऱ्या द्रवाची) नळी सरकली असेल अशी शंका यायची. ही तपासणी कोणत्याही कागदावर लिहिलेली नव्हती, त्यामुळे ऑटोमेशनचा आराखडा करताना ती कोणी धरलीच नाही. रोबोने उचलणे आणि ठेवणे तेवढे घेतले.

हाताने केलेली ती प्रत्येक तपासणी आता वेगळी बसवावी लागते. जॉब नीट टेकला की नाही हे पाहायला जॉच्या टेकणाऱ्या पृष्ठभागाला बारीक छिद्र पाडून त्यातून हवा सोडतात. खाली चिप (धातूचा कीस) अडकली तर हवा निसटते, तिचा दाब कमी होतो आणि सायकल सुरू होत नाही. टूल तुटल्याचे ओळखायला स्पिंडलचा (फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा) लोड, म्हणजे भार, पाहतात. मोठ्या ड्रिलला ते चालते. ३ मिमीच्या ड्रिलचा लोड इतका थोडा असतो, की ते तुटले तरी आकड्यात फरक दिसत नाही आणि पुढचा टॅप (आटे पाडणारे टूल) थेट भरीव धातूवर आदळतो. तिथे ड्रिलच्या टोकाला स्पर्श करून लांबी तपासणारा सेन्सरच हवा. लांब, दोऱ्यासारख्या चिपांचेही तसेच आहे. पूर्वी ऑपरेटर लोखंडी हुकाने त्या ओढून काढायचा. रोबो तसाच हात घालतो आणि ग्रिपरमध्ये (रोबोच्या पकडीत) जॉबबरोबर चिपांचा गुंताही येतो. म्हणून लोडर बसवण्याआधी फीड (टूल पुढे सरकण्याचा दर) वाढवून किंवा चिपब्रेकर (इन्सर्टवरची चिप तोडणारी खाच) बदलून चिप तुकड्यांत तुटते आहे याची खात्री करायला हवी. हे काम बहुधा लोडर बसल्यावर, अलार्म येऊ लागल्यावर होते.

आता मशीनच्या संख्येचा हिशेब. 'लोडिंग तर रोबो करतो, मग एका माणसाने चार मशीन बघायला काय हरकत आहे?' हे वाक्य फार ऐकू येते. उदाहरण म्हणून लोडिंगसह एक मिनिटाची सायकल धरू. चार मशीनवर तासाला २४० जॉब. दर ३० जॉबमागे एक मोजायचा ठरवला तर तासाला ८ मोजण्या. मायक्रोमीटर, बोअर (आतले भोक) मोजायचे गेज आणि नोंद धरून प्रत्येकी ३ मिनिटे, म्हणजे २४ मिनिटे. प्रत्येक मशीनवर ३ इन्सर्ट आणि एका धारेचे आयुष्य १८० जॉब धरले, तर १२ इन्सर्टपैकी तासाला ४ बदलावे लागतात. इन्सर्ट बसायची सीट साफ करणे, स्क्रू आवळणे, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देणे, पहिला जॉब मोजणे, यात ५ मिनिटे जातात. एकूण २० मिनिटे. ६० जॉबचे ट्रे भरायचे तर तासाला ४ ट्रे, प्रत्येकी २ मिनिटे, म्हणजे ८. झाली ५२ मिनिटे. अलार्म, चिप काढणे, कूलंट, पाणी पिणे, सगळे उरलेल्या ८ मिनिटांत. शिवाय एका मशीनवर इन्सर्ट बदलत असताना दुसरे थांबले, तर ते वाट पाहत उभे राहते. अशा वेळी सर्वात आधी काय सुटते? मोजणी. शीट मात्र शिफ्टअखेरीस एका बैठकीत भरली जाते.

यावर उपाय म्हणून लाइनमध्येच गेज बसवतात आणि त्याचे माप थेट कंट्रोलला देऊन ऑफसेट आपोआप बदलतात. योजना चांगली आहे, पण तिचे नियम कोणी तरी जाणत्याने बसवायला हवेत. इन्सर्ट घासला की बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो आणि बोअर लहान होतो, दुरुस्ती त्याच्या उलट द्यायची. मशीन आणि गेज यांच्यामध्ये कन्व्हेयरवर ४ जॉब असले, तर दिलेली दुरुस्ती गेजला ४ जॉबनंतर दिसते. मधले चारही जॉब जुन्याच मापाचे असतात आणि प्रत्येक जण पुन्हा तीच दुरुस्ती मागतो. ०.०१ मिमी द्यायचे तिथे ०.०५ जाते. म्हणून दुरुस्ती दिल्यावर मधल्या जॉबची मापे सोडून द्यावीत, तीन ते पाच जॉबची सरासरी घ्यावी आणि फरकाच्या निम्मीच दुरुस्ती द्यावी. एखादे माप एकदम फार वेगळे आले, तर ते बहुतेक प्रोबखालची (गेजच्या मोजणाऱ्या टोकाखालची) चिप असते. तिथे दुरुस्ती न देता लाइन थांबवून माणसाला बोलवावे. उष्णतेचेही भान हवे. १०० मिमी व्यासाचा पोलादी जॉब १० अंश सेल्सिअसने गरम असला तर सुमारे ११-१२ मायक्रॉन (मिमीचे हजारावे भाग) मोठा भरतो. गेजला तो मोठा दिसतो, ऑफसेट कमी होतो आणि जॉब थंड झाल्यावर व्यास लहान निघतो. हे पडद्यावर दिसत नाही. थंड झालेला जॉब हातात घेऊन पुन्हा मोजणाऱ्यालाच ते सापडते.

सर्वात अवघड काम रोबो मध्येच थांबल्यावर सुरू होते. जॉब ग्रिपरमध्ये आहे की चकमध्ये, जॉ उघडे आहेत की बंद, रोबोचा हात दाराच्या आत आहे की बाहेर, हे आधी डोळ्यांनी पाहायचे. मग टीच मोडमध्ये (रोबो बटणांनी हळू हलवायच्या मोडमध्ये), जिथे वेग सेकंदाला २५० मिमीच्या आत बांधलेला असतो, हात ज्या दिशेने आत गेला त्याच सरळ रेषेत बाहेर आणायचा आणि मगच होम द्यायचे, म्हणजे रोबोला मूळ जागी पाठवायचे. घाईत थेट होम दिले, तर ग्रिपर टरेटवर (टूल बसवलेल्या फिरत्या डोक्यावर) किंवा दारावर आदळतो. रोबोभोवतीच्या कुंपणाच्या आत जायचे तर ज्याचे त्याने आपले कुलूप लावून, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून जायचे. हे दोन-तीन दिवसांचे शिकवणे आहे. तरीही अनेकदा ऑपरेटरला रीसेटचे बटण तेवढे दाखवले जाते आणि मेंटेनन्सचा माणूस येईपर्यंत लाइन उभी राहते.

सेन्सर शॉर्ट करून, म्हणजे तारा परस्पर जोडून तो निकामी करून, मशीन चालवण्याबद्दल ऑपरेटरला दोष दिला जातो. मशीनमध्ये असे कोणी करू नये, यात दुमत नाही. पण तोच सेन्सर कूलंट आणि चिपांमुळे एका शिफ्टमध्ये वीस वेळा खोटा अलार्म देत असेल, तर त्याची जागा बदलणे, त्याला आवरण किंवा हवेचा झोत देणे हे इंजिनीअरिंगचे काम होते. १९२४ सालचा जपानच्या साकिची तोयोदा यांचा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबत असे, म्हणून एक कामगार अनेक माग सांभाळू शकला. ते जमले, कारण माग थांबला की बिघाड खराच असे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एका माणसाला किती मशीन द्यायच्या हे वरच्यासारखे मिनिटे मोजून ठरवावे, नुसता सायकल टाइम पाहून नव्हे. ठरलेल्या मर्यादेत, समजा ०.०२ मिमीपर्यंत, ऑफसेट बदलायचा अधिकार ऑपरेटरला द्यावा आणि त्याची नोंद कंट्रोलमध्येच राहावी. आज अनेक ठिकाणी पासवर्ड सेटरकडे (मशीन जुळवून देणाऱ्याकडे), सेटर दुसऱ्या शेडमध्ये आणि तोवर जॉब मापाबाहेर, अशी स्थिती आहे. नव्या मुलांना आठवड्यातून काही तास लोडर बंद ठेवून हाताने मशीन चालवू द्यावे. जॉब कधी हातातच घेतला नसेल, तर बिघाड ओळखणार कसा? आणि मोजणी, ऑफसेट, रोबो सोडवणे, ट्रेचे नियोजन हे सगळे ज्याच्याकडे आहे, त्याची श्रेणी व पगार अजून 'लोडिंग-अनलोडिंग ऑपरेटर'चाच का, याचे उत्तर व्यवस्थापनांनी आणि कामगार संघटनांनी पुढच्या करारात लेखी द्यावे.

आपला,
यंत्रशाळेच्या कामाशी परिचित एक वाचक