मिस्त्रींच्या ऑपरेशनची नोटीस का काढली? सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

दि. १४ डिसेंबर

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
गृहनिर्माण सहकारी संस्था,
दारव्हा, जि. यवतमाळ

विषय : मिस्त्रींच्या मणक्याच्या ऑपरेशनच्या वर्गणीसाठी लावलेली नोटीस काढल्याबाबत व फ्लॅट क्र. ९ च्या सभासदांच्या वागणुकीबाबत.

अध्यक्ष साहेब,
सप्रेम नमस्कार.

तोंडी सांगून झालं. सचिवांच्या हातात लेखी अर्जही दिला, त्याची पोच माझ्याजवळ आहे. सोसायटीच्या नियमांतल्या उपविधी क्र. १७३ प्रमाणे तक्रार आल्यावर समितीने पुढच्या सभेत निर्णय घ्यायचा असतो आणि त्यानंतर १५ दिवसांत तो सभासदाला कळवायचा असतो. सभा होऊन गेली. मला कोणी काही कळवलं नाही. तुमच्याबद्दल मनात आदर आहे म्हणून आजवर गप्प बसलो, पण आता गप्प बसण्यात एका माणसाचा पाय जाऊन राहिला आहे.

मिस्त्री म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी नव्या सभासदांसाठी लिहितो, कारण हे पत्र सभेत वाचलं जावं अशी माझी विनंती आहे. तो माझा शाळेपासूनचा मित्र. आपल्या बिल्डिंगची सगळी पाइपलाइन त्यानेच टाकली. नळ रात्री अडीचला आले तरी सायकलवर येऊन व्हॉल्व्ह खोलणारा, मे महिन्याच्या उन्हात गच्चीवरच्या टाकीत उतरून गाळ काढणारा माणूस तोच. फ्लॅट क्र. ९ मधलं बाथरूम गळत होतं, तेव्हा त्याने दोन दिवस फरशी उकरून ते दुरुस्त केलं. त्या कामाची मजुरी त्याला अर्धीच मिळाली. तोही विषय मी त्या वेळी समितीपुढे मांडला होता.

त्याच्या कमरेतला चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला आहे. एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतो. पायाकडे जाणारी नस त्यात चेपली गेली आहे. गोळ्या, कमरेचा पट्टा, शेक, फिजिओथेरपी, मणक्यात घ्यायचं इंजेक्शन, सगळं करून झालं. मणका बसवून देतो म्हणणाऱ्यांकडेही लोकांनी त्याला नेलं. आता डावा पंजा वर उचलला जात नाही. चालताना चप्पल पायातून निसटते आणि त्याला ते कळत नाही, मागून कोणीतरी हाक मारून सांगतं. चार घरं ओलांडली की बसावं लागतं. एसटीने यवतमाळपर्यंत जायचं तर तो सीटवर बसूच शकत नाही, दांडी धरून उभा राहतो. ऑपरेशनमध्ये नस मोकळी करतील आणि दोन्ही मणके स्क्रू आणि रॉडने एकमेकांना जखडतील. हाड जुळून यायला महिने लागतात, तोवर वाकणं नाही आणि ओझं उचलणंही नाही. म्हणजे प्लंबरचं काम बंद. लघवीवरचा ताबा गेल्यासारखं वाटलं तर एक दिवसही थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. त्याची बायको हे वाक्य ऐकल्यापासून रात्री झोपत नाही.

अशा माणसासाठी मी नोटीस बोर्डावर वर्गणीचा एक कागद लावला आणि ग्रुपवर एक मेसेज टाकला. तुम्हाला आधी विचारलं होतं. तुम्ही पार्किंगमध्ये उभे होते आणि "लावा, काही हरकत नाही" म्हणाले होते. सोबत वहिनीही होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावर नुसत्या टाचण्या उरल्या होत्या आणि ग्रुपवरचा मेसेज डिलीट झालेला होता. सचिव म्हणाले, फ्लॅट क्र. ९ ने हरकत घेतली.

त्यांच्या हरकती त्यांनी चारचौघांत बोलून दाखवल्या आहेत, म्हणून इथे उत्तर देतो. बोर्ड फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे, हे पहिलं. मग त्याच बोर्डावर त्यांच्या भाच्याच्या कोचिंग क्लासचं पत्रक पावसाळाभर कसं राहिलं? डब्याच्या मेसचा कागद, विमा एजंटचं कार्ड, भागवत सप्ताहाची पत्रिका हे सगळं आजही तिथे आहे. वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी दाखवा, हे दुसरं. ती परवानगी गणेश मंडळं काढतात, हे मलाही माहीत आहे. आपल्या पार्किंगमध्ये गणपती बसतो, फ्लॅटमागे १००१ रुपये घेतले जातात आणि त्या गणपती समितीचे खजिनदार फ्लॅट क्र. ९ चेच असतात. त्यांनी ती परवानगी कधी काढली, हे सभेत दाखवावं. मी तर दहा रुपयांचीही सक्ती कोणावर केली नाही.

तिसरं, "सरकारी योजना आहे ना, मग लोकांपुढे हात कशाला?" महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, संरक्षण आता ५ लाखांपर्यंत आहे, हे खरं. त्यासाठीच आम्ही आधी धावपळ केली. रेशनकार्डावर त्याचं नाव अजून मोठ्या भावाच्या कुटुंबात, आधारवर वेगळं स्पेलिंग, रुग्णालयाने मंजुरीसाठी पाठवलेला अर्ज त्यात अडकला. दुरुस्तीला दिलं आहे. पण नस थांबून वाट पाहत नाही. म्हणून नागपूरला खासगीत करायचं ठरलं. अंदाजपत्रक २ लाख ६० हजारांचं आहे, जमा झाले ९४ हजार. आणि योजना मंजूर झाली असती तरी घरी पडून राहायच्या महिन्यांत किराणा कोणी भरला असता?

त्यांना इन्कम टॅक्सच्या सवलतीसाठी ८० जी ची पावतीही हवी होती. ती नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, एका माणसाच्या उपचाराला दिलेल्या पैशावर नाही. मी तसं कधी सांगितलंही नव्हतं. हिशेबाचं म्हणाल तर पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा होतात. ज्याने दिले त्याचं नाव, रक्कम, तारीख वहीत आहे. एमआरआयची प्रत आणि अंदाजपत्रक मी नोटिशीसोबत जोडलं होतं, तेही फाडून नेलं. सोसायटीच्या सिंकिंग फंडातला (इमारतीच्या मोठ्या कामासाठी राखलेला निधी) किंवा दुरुस्ती निधीतला एक रुपयाही मी मागितलेला नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण जिन्यात उभं राहून ते मोठ्याने म्हणाले, "काहून जी, पाठ कोणाची दुखत नाही? भीक मागायचे धंदे हायेत हे." मिस्त्री तेव्हा खाली, वॉचमनच्या खुर्चीवर होता. त्याने ऐकलं. मला म्हणाला, "राहू दे भाऊ, माह्यासाठी कोणाशी भांडू नको." उठायला त्याला माझा हात लागला.

फ्लॅट क्र. ९ चा त्रास आजचा नाही, हेही समितीने ध्यानात घ्यावं. त्यांच्या कूलरचं पाणी दर उन्हाळ्यात आमच्या गॅलरीत पडतं, भिंतीचा पोपडा निघाला. गच्चीवर मिरच्या आणि तुरी त्यांच्याच वाळतात, आमच्या सौ.ने दोन साड्या वाळत घातल्या की मात्र नियम आठवतो. गेटसमोर त्यांची गाडी आडवी असते. ज्या दिवशी मिस्त्रीला उचलून ॲम्ब्युलन्समध्ये न्यायचं होतं, त्या दिवशीही होती. बेल वाजवली तर आंघोळ चालू आहे, असं उत्तर आलं. एवढं होऊनही मी कधी आवाज चढवला नाही, हे सगळी बिल्डिंग सांगेल.

हे माझं एकट्याचं मत नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी स्वतः बोलावून ५०० रुपये दिले. तीन नंबरचे गुरुजी म्हणाले, नोटीस काढणं चुकलंच. बँकेतल्या साहेबांचंही तेच मत आहे. कापसाचे चुकारे झाले की देतो म्हणणारे दोन सभासद आहेत, पण नोटीस दिसेनाशी झाल्यावर त्यांना वाटलं की वर्गणी बंद झाली. शेजार बिघडू नये म्हणून ही मंडळी सभेत बोलत नाहीत. तुम्ही घरी जाऊन विचारा, सांगतील.

माझं मागणं फार नाही. नोटीस पुन्हा लावावी, आणि सचिवांनीच लावावी. ग्रुपवर समितीच्या नावाने एक ओळ टाकावी की या वर्गणीला हरकत नाही. येत्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये एक टेबल मांडू द्यावा, मी आणि गुरुजी बसू. फ्लॅट क्र. ९ च्या सभासदांनी "भीक" हा शब्द लेखी मागे घ्यावा आणि तो कागद मिस्त्रीच्या घरी द्यावा. त्यांनी एक रुपया दिला नाही तरी चालेल. बाथरूमच्या मजुरीचे राहिलेले पैसे मात्र द्यावेत, ती वर्गणी नाही, त्याच्या कष्टाचे आहेत. कूलरच्या पाइपचं उन्हाळ्याआधी बघावं.

सहकारी संस्थांच्या सहायक निबंधक कार्यालयाला या पत्राची प्रत पाठवलेली नाही. रविवारपर्यंत पाठवणारही नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी २९ तारीख दिली आहे. निम्मे पैसे भरती होतानाच भरायचे आहेत.

आपला,
सभासद, फ्लॅट क्र. ६

सोबत : एमआरआय अहवाल व अंदाजपत्रकाची नवी प्रत, वर्गणीच्या वहीची झेरॉक्स, आधीच्या अर्जाची पोच