मंत्रीसाहेब, सील राहू द्या, आमच्या नाल्याची जाळी कुठाय?

मा. मंत्रीमहोदय, सप्रेम नमस्कार.

मार्चमध्ये आपण बडोद्याला आला होतात. स्क्रीनवर हवाई बेटांजवळचा तो मंक सील (समुद्रात राहणारा सस्तन प्राणी) दाखवलात, गळ्यात जाळं रुतलेला, मीसुद्धा डोळे पुसले. मग आपण माइकवर म्हणालात की पावसाळ्याआधी विश्वामित्री नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याला कचरा अडवणारी जाळी बसेल. टाळ्या झाल्या, कापडी पिशव्या वाटल्या (एकेक पिशवी प्लास्टिकमध्ये पॅक केलेली, असो).

परवा दोन तास पाऊस झाला आणि नाला तुंबून घरात गुडघाभर पाणी, थर्माकोलच्या डिशा, गुटख्याच्या पुड्या पार देवघरापर्यंत. आई 81 वर्षांची, तिला टेबलावर खुर्ची ठेवून बसवलं, फ्रीज गेला, माझा पाय मुरगळला तो वेगळाच. 2024 च्या ऑगस्टात नदी 35 फुटांच्या वर गेली, मगरी रस्त्यावर आल्या, तेव्हा निदान पूर तरी होता. आता नदी खालीच आहे हो!

झोप लागेना म्हणून तुमच्या सीलबद्दलच वाचत बसले. उरलेत साधारण 1,600. एल निनोच्या वर्षी, म्हणजे पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापतं तेव्हा, पॅसिफिकमधला तरंगता कचरा जिथे गोळा होतो तो पट्टा दक्षिणेला, बेटांकडे सरकतो आणि जास्त सील अडकतात, त्यातही पिल्लं, त्यांना सगळ्यात तोंड खुपसायचं असतं ना. एल निनो दोन वर्षांनी येईल नाहीतर सात. आमचा पावसाळा दर जूनला येतो साहेब, पहिलीतलं पोरगंही सांगेल. तरी तुमची फाइल दिवाळीनंतरच हलणार.

जहाजावरून समुद्रात प्लास्टिक टाकायला 1988 च्या शेवटापासून बंदी आहे, पुढची दहा वर्षं सील अडकायचे ते अडकतच राहिले. आणि तुमची पातळ प्लास्टिक पिशव्यांवरची बंदी? सेव-उसळ अजून पातळ पिशवीतच मिळते, दंड लारीवाल्याला (हातगाडीवाल्याला), पिशव्या बनवणाऱ्याला कोण विचारतंय! सगळीकडे हेच, तक्रार केली की नंबर देतात, घरात पाणी असतानाच मला मेसेज आला, 'आपल्या समस्येचं निराकरण झालं आहे'. वेरा (घरपट्टी) एक दिवस उशिरा भरा, मग बघा कशी जागी होतात मंडळी.

आमचा कचरा विश्वामित्रीतून ढाढर नदीमध्ये, तिथून खंबातच्या आखातात जातो. हवाईला पोचतो असं म्हणत नाहीये मी. पण तिकडे माणसं सीलच्या अंगावरची जाळी हाताने कापून काढतात, इथे नाल्यातला थर्माकोल मी आणि शेजारचे काका काठीने ओढत होतो.

पाणी उपसायचा पंप काकांचाच आहे, परत द्यायचाय. उद्या पुन्हा पाऊस सांगितलाय म्हणून ठेवून घेतलाय.

आपली,
एक बडोदेकर