रजिस्टरमध्ये चार, वॉर्डात एकही नाही

महोदय,

सोलापूरच्या रुग्णालयांत शहरातल्या रुग्णांइतकाच ओघ धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडच्या रुग्णांचा असतो, त्यामुळे एकच यंत्र दिवसभरात तीन वॉर्ड फिरते. मी जिथे परिचारिका म्हणून नोकरी केली, तिथे एका रात्री अत्यवस्थ रुग्णासाठी सिरिंज पंप, म्हणजे ठरावीक गतीने औषध सोडणारे यंत्र, हवे होते. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चार पंपांची नोंद होती. वॉर्डात एकही नव्हता. मावशी आणि मी पाऊण तास शोधल्यावर एक पंप शस्त्रक्रियागृहाबाहेर, चादरीच्या गठ्ठ्यामागे सापडला. त्यावर लाल ऑइलपेंटने घातलेला क्रमांक स्पिरिटने पुसून पुसून अर्धा उडाला होता.

हा शोध आता हातात धरायच्या रेडिओ टॅग रीडरने करता येतो. तत्त्व फास्टॅगचेच आहे: यंत्राला चिकटवलेल्या टॅगमध्ये बॅटरी नसते, रीडरच्या लहरींवरच तो जागा होऊन आपला क्रमांक परत पाठवतो. बारकोडसारखे यंत्र समोर धरावे लागत नाही. हवा तो क्रमांक निवडून चालत गेले की जवळ जाऊ तसतसा रीडरचा आवाज जलद होतो. दारोदारी स्थिर रीडर बसवण्यापेक्षा दोन-तीन मजल्यांना मिळून असा एक रीडर घेणे आपल्याकडच्या रुग्णालयांना झेपेल, असे मला वाटते.

मात्र खरेदी डोळसपणे व्हावी. धातूच्या यंत्रावर साधा टॅग नीट वाचला जात नाही, त्यासाठी वेगळा टॅग लागतो. आणि बंद लोखंडी कपाटातले यंत्र रीडरलाही दिसत नाही, कपाट उघडावेच लागते. त्याहून गंभीर बाब अतिदक्षता विभागाची आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी 2008 साली 41 वैद्यकीय उपकरणांवर 123 चाचण्या घेतल्या, तेव्हा 34 वेळा रेडिओलहरींमुळे उपकरणांच्या कामात व्यत्यय आला आणि त्यांतील 22 प्रसंग रुग्णाला धोकादायक ठरू शकणारे होते. त्या चाचण्यांतील एक यंत्रणा 868 मेगाहर्ट्झची होती, आणि आपल्याकडचे असे रीडर त्याच्याच आसपास चालतात. म्हणून व्हेंटिलेटर किंवा चालू पंपाशेजारी रीडर नेण्यापूर्वी रुग्णालयाच्या बायोमेडिकल अभियंत्याने तिथल्याच यंत्रांवर, रुग्ण नसताना, चाचणी घ्यावी आणि किती अंतर राखायचे ते लेखी ठरवून द्यावे.

रीडर भांडारपालाच्या कुलपात राहिला, तर रात्रपाळीला त्याचा काहीच उपयोग नाही. औषधांच्या चाव्यांप्रमाणे तोही पाळी बदलताना इन्चार्ज सिस्टरच्या हाती, चार्ज केलेला, सही घेऊन दिला जावा, अशी माझी रुग्णालय प्रशासनांना कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त परिचारिका, सोलापूर