पिकअपचे टायर: आधी आकडा, मग नक्षी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग तोंडावर आला की टायरच्या दुकानांपुढे पिकअप गाड्या रांगेने उभ्या दिसतात. पाणंदीत चिखल व्हायच्या आत ‘ग्रिपवाले’ टायर टाकून घ्यायची घाई असते. दुकानात बोलणे होते ते नक्षीचे: बटणे केवढी मोठी, खाचा किती खोल. टायरच्या बाजूवर छापलेला वजनाचा आकडा सहसा कोणी वाचत नाही आणि दुकानदारही आपणहून दाखवत नाही. मालवाहू गाडीला हा क्रम उलटा हवा.

बोलेरो पिकअपसारख्या गाड्यांवर सर्रास दिसणारे २१५/७५ आर १५ हे माप घेऊ. २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १५ हा डिस्कचा व्यास इंचांत. यापुढे छापलेला आकडा खरा महत्त्वाचा. याच मापाचा, जीपवर्गासाठी केलेला, दिसायला दांडगा टायर ‘१०० एस’ अशा खुणेसह मिळतो. इथे १०० हा भार-निर्देशांक. त्याचा अर्थ एका टायरवर ८०० किलो. १०६ म्हणजे ९५०, १०९ म्हणजे १०३० आणि ११२ म्हणजे ११२० किलो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, त्यामुळे पिकअपवाल्याने त्यावर डोके खर्च करायचे कारण नाही.

समजा, भरलेल्या गाडीचे एकूण वजन २९०० किलो आहे आणि त्यातले १९०० मागच्या अ‍ॅक्सलवर येते. म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर ९५० किलो. १०० निर्देशांकाचा टायर नियमात भरलेल्या मालालाही १५० किलोने कमी पडला; १०६ चा अगदी काठावर. त्यात पन्नास किलोच्या दहा कांदागोण्या हौद्यात मागच्या बाजूला जास्तीच्या चढवल्या की प्रत्येक मागच्या टायरवर आणखी अडीचशे किलो. आता ११२ चा टायरसुद्धा ८० किलोने कमी. हे असे महिनोन्‌महिने चालते आणि मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी टायर फुटला की कंपनीच्या नावाने खडे फोडले जातात. (जादा भाराचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार, हे वेगळेच.)

‘आठ प्लायचा आहे, काही होत नाही’ हे दुकानातले आवडते वाक्य. ८ पीआर (पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, प्लाय म्हणजे थर) याचा अर्थ आत आठ थर आहेत असा नव्हे. जुन्या सुती थरांच्या काळातली ती मोजपट्टी आहे. आजच्या रेडियलमध्ये थर कमीच असतात आणि ८ पीआर ही फक्त ताकदीची इयत्ता असते. ही ताकद हवेवर अवलंबून असते हेही कोणी सांगत नाही. हलक्या व्यापारी वर्गाच्या म्हणजे एलटी टायरवर कमाल भार आणि तो पेलायला लागणारी हवा दोन्ही छापलेले असतात. ८ पीआरला ती साधारण ६५ पीएसआय असते. असा टायर घालून हवा मात्र सवयीने ३५ ठेवली, तर जास्तीच्या प्लायचे पैसे पाण्यात. बाजू दबते, प्रत्येक फेऱ्याला दुमडते, आतून तापते, थर सुटतात. बाहेरून दिसतो तो नुसता एक फुगा. उलट, हौदा रिकामा असताना मागे ६५ ठेवली तर गाडी उड्या मारते आणि टायर मधोमध झिजतो. रिकामी आणि भरलेली, पुढची आणि मागची, अशी हवा वेगवेगळी लागते. गाडीच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत ती दिलेली असते. ट्यूबलेस डिस्कवरच्या साध्या रबरी व्हॉल्व्हची मर्यादाही ६५ च्या आसपासच असते, म्हणून जास्त हवेचे टायर घेताना व्हॉल्व्ह धातूचे घ्यावेत.

आता नक्षी. बाजारात ढोबळमानाने तीन जाती. सरळ खाचांचा रिब टायर डांबरी रस्त्याचा. एटी म्हणजे मध्यम बटणांचा, दोन्हीकडे चालणारा. एमटी म्हणजे मोठी बटणे, रुंद मोकळ्या खाचा, खास चिखलासाठी. नव्या रिबची खोली साधारण ८ मिलिमीटर, एटीची १० ते १३, एमटीची १५ च्या आसपास. खोली जास्त म्हणून टायर जास्त चालेल हा समज एमटीच्या बाबतीत फसतो. उंच बटणे तापलेल्या डांबरावर भाराखाली डुलतात, कडांना तिरकी झिजतात, खडीवर त्यांचे तुकडे उडतात. आवाज आणि डिझेल दोन्ही वाढते. ओल्या डांबरावर तर एमटी ब्रेकला कमी पडतो, कारण रस्त्याला टेकणारे रबर कमी आणि बटणांवर पाणी कापणाऱ्या बारीक चिरा जवळजवळ नसतात. भाजीची गाडी पहाटे घाट उतरते, तेव्हा तिला चिखल नव्हे, ओले डांबर भेटते.

काळ्या मातीचे गणित आणखी वेगळे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. रिब असो वा एटी, दोन-चार फेऱ्यांत खाचा भरतात आणि चाकाचा गुळगुळीत लाडू होतो. एमटीच्या रुंद खाचांतून माती फेकली जाते खरी, पण त्यासाठी चाक वेगाने फिरावे लागते. भरलेल्या टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपचे चाक असे गरगर फिरवले तर ते जागच्या जागी खड्डा करते, शिवाय पकड कमी असलेले एकच चाक फिरत राहते आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला गोळा, डिफरन्शियल, मातीला टेकतो. मग ट्रॅक्टर बोलवा. अशा पाणंदीत रुंद टायर हाही उपाय नव्हे. वरचा गाळ कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचायला अरुंद टायरच बरा. रुंद टायर वाळूत चांगला. दिवसातून एकदा दोन किलोमीटर पाणंद आणि पन्नास किलोमीटर डांबर असा फेरा असेल, तर मागे एटी किंवा लग (आडव्या जाड पट्ट्यांचा टायर), पुढे रिब ही जुनी जोडी अजूनही सर्वांत शहाणपणाची. फोर-बाय-फोर गाडीला मात्र ती चालत नाही. तिथे चारही टायर एकाच मापाचे, नक्षीचे आणि जवळपास सारख्या झिजेचे हवेत, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांचा घेर जुळत नाही आणि ओढाताण ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीला) सोसावी लागते.

चिखलात हवा कमी करायचा सल्ला मोबाइलवर फार फिरतो. ट्यूबलेस टायर, रिकामी गाडी, ताशी वीसच्या आतला वेग, असे असेल तर पाव हिस्सा हवा काढल्याने फायदा होतो. ७.०० आर १५ सारख्या ट्यूबच्या टायरमध्ये ती काढली तर टायर डिस्कवर सरकतो, ट्यूबही त्याच्याबरोबर सरकते आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. भरलेल्या गाडीत तर हे करूच नये. आणि डांबराला लागण्याआधी हवा परत भरायची. पंप जवळ नसेल तर काढूच नका.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मळ्यांत चिखलाइतकाच शत्रू म्हणजे तुरीचे आणि पऱ्हाटीचे धसकट. तिरके कापलेले वाळके धसकट टायरच्या बाजूत घुसते, आणि बाजूचे पंक्चर भरवशाने निघत नाही. आतून गेटर (टायरच्या आत लावायचा जाड तुकडा) बसवून गाडी घरी आणता येईल, भार वाहता येणार नाही. इथे एटी घ्यायचे कारण नक्षी नसून त्याची जाड बाजू हे आहे. बाभळीचा काटा ट्यूबलेसमध्ये शिरला तर तो शेतातच उपसू नये. तो असेपर्यंत हवा हळू जाते आणि गाडी दुकानापर्यंत पोचते. कोकणात जांभ्याच्या कपच्या बटणांच्या कडा खातात, म्हणून तिथे जवळजवळ बसलेल्या बटणांचा टायर जास्त टिकतो.

माप वाढवायच्या हौसेबद्दल थोडे. २१५/७५ च्या जागी २३५/७५ घातले तर व्यास सुमारे ७०४ वरून ७३४ मिलिमीटर होतो. गाडी उचलली जाते अवघी दीड सेंटिमीटर. त्या बदल्यात मीटर ६० दाखवत असताना गाडी ६२-६३ ने पळते, पहिल्या गिअरची ओढ चार टक्क्यांनी घटते आणि क्लच जास्त घासावा लागतो. शिवाय २३५ ला किमान ६ इंच रुंदीची डिस्क लागते. डिस्कवर ५.५ जे (म्हणजे साडेपाच इंच रुंदी) कोरलेले असेल तर विषय तिथेच संपला. तरीही घालायचेच असेल, तर आधी एक टायर बसवून, हौद्यात पूर्ण वजन ठेवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून मडगार्डला घासते का ते पाहावे.

बिल करण्याआधी टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्का बघावा: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. तो बऱ्याचदा एकाच बाजूवर असतो, आणि बसवताना ती बाजू आत गेली की दिसत नाही. सहा महिन्यांपेक्षा जुना माल असेल तर दर पाडून मागावा. दोन वर्षे पडून असलेला घेऊ नये. आयएसआयचे चिन्ह हवेच. मालवाहू गाड्यांच्या टायरचे मानक आयएस १५६३६. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा आधीच्या छापील दरपत्रकावर सौदा करू नये.

जुने टायर कधी काढायचे? नियमाने १.६ मिलिमीटर नक्षी उरली की. खाचांच्या तळाशी आडव्या उंचवट्यांच्या खुणा असतात. रबर त्यांच्या बरोबरीला आले की टायर बाद. चिखलाच्या कामाला मात्र ४ मिलिमीटरच्या खाली नक्षीचा काही उपयोग राहत नाही. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे. बसवल्यावर नट समोरासमोरचे घट्ट करावेत आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळावेत. नवे रंगवलेले डिस्क असतील तर हे विसरूच नये, रंगाचा थर दबून नट सैल पडतात.

दुकानदारांकडून दोनच अपेक्षा. बिलावर टायरचे माप, भार-निर्देशांक आणि तारखेचा आठवडा लिहावा. आणि ऑफरोड टायरच्या रंगीत जाहिराती भिंतभर असतातच, त्यांच्या शेजारी निर्देशांक आणि किलो यांचा तक्ता मराठीत लावावा. ८० ते ११६ एवढे आकडे पुरेत. एका कागदावर मावतात.

आपला,
एक वाचक