उलट उत्तर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

अभ्यासक्रमात स्थानिक मूल्यांना जागा देण्याबद्दलचं तुझं पत्र येऊन आठवडा झाला. ‘स्थानिक मूल्यं म्हणजे मुलांना कोंडून ठेवायचं निमित्त’ हे तुझं वाक्य जिव्हारी लागलं, कारण त्याच सुमारास वर्गात एक गोष्ट घडली होती.

नव्या अभ्यासक्रमात ‘आपले मत ठामपणे मांडा’ असा पाठ आहे. गृहपाठ होता, घरातला न पटलेला एखादा निर्णय निवडा आणि तो का पटत नाही ते मोठ्यांना सांगा. सातवीतल्या एका मुलीनं मनापासून तसं केलं आणि बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. आवाज न चढवता म्हणाले, “सर, पोरगी बोलती व्हायला हवीच. पण आमच्याकडे याला उलट उत्तर म्हणतात. मत कुठे संपतं आणि उलट उत्तर कुठे सुरू होतं, हे तिला कोण शिकवणार? आम्हाला तर कुणी विचारलंही नाही.” मी गप्प बसलो. शिक्षक हस्तपुस्तिकेतही त्याबद्दल एक ओळ नव्हती.

पिसा ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००० पासून देशोदेशींच्या पंधरा वर्षांच्या मुलांचं वाचन, गणित, विज्ञान तपासते आणि देशांची यादी लावते. २०१८ मध्ये तिनं ‘जागतिक क्षमता’, म्हणजे वेगळ्या संस्कृतींची माणसं आणि त्यांचे विचार समजून घेण्याची क्षमताही मोजायला घेतली. २००० च्या चाचणीच्या, म्हणजे पहिल्याच निकालानं जर्मनी हादरली आणि तिथे सुधारणांची घाई सुरू झाली. यादीत नंबर खाली गेला की सरकारं जागी होतात. त्या बापाचा प्रश्न कुठल्याच यादीत येत नाही. पैसेवाल्याला शाळा बदलता येते, सरकारी शाळेतल्या मुलाला जे येईल ते घ्यावं लागतं. म्हणून तर पालकांना विचारणं इथे जास्त गरजेचं.

तुझी भीती मी झटकत नाही. अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना सहावीनंतर शाळा बंद आहे, आणि तीही मूल्यांचंच नाव घेऊन. तिथे मी तुझ्याच बाजूनं उभा आहे.

पण संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं २९ वं कलम वाच. मुलाची स्वतःची भाषा, संस्कृती, आईवडील यांच्याबद्दलचा आदर आणि परक्या संस्कृतींबद्दलचा आदर, दोन्ही एकाच पोटकलमात आहेत. न्यूझीलंडनं १९९६ मध्ये बालशिक्षणाचा अभ्यासक्रम तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजातल्या शिक्षकांना सोबत घेऊन घडवला. त्याचं नावच ‘ते फारिकी’, म्हणजे विणलेली चटई.

पुढच्या शनिवारी पालकांना बोलावलंय. तो पाठ आधी त्यांच्यासमोर वाचणार आहे. त्या मुलीचे वडील येतो म्हणालेत. तूही ये, आणि तुझं म्हणणं त्यांच्यासमोर मांड.

तुझाच,
मित्र