विटा फोडायच्या तर नॉब हवाच

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील जुन्या संगणकांवरच्या खेळांचा लेख वाचनीय होता. पण विटा फोडण्याच्या खेळाबद्दल ‘इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) उतरवून घ्या, डाव्या-उजव्या बाणांवरही तीच मजा येते’ असे त्यात म्हटले आहे, ते काही पटत नाही. पडद्याच्या तळाशी फळी डावी-उजवीकडे सरकवून चेंडू वर टोलवायचा आणि विटा फोडायच्या, असा हा खेळ बेतलाच होता नॉबसाठी, म्हणजे बोटांनी फिरवायच्या खुंटीसाठी. अटारीचा ‘ब्रेकआउट’ १९७६ साली आर्केडमध्ये (नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या ठिकाणी) आला तो नॉब घेऊनच. स्टीव्ह वॉझ्नियाकने १९७७ च्या ‘ॲपल टू’ संगणकात रंग, स्पीकर आणि पॅडलची, म्हणजे नॉब बसवलेल्या हातातल्या उपकरणाची, सोय ठेवली, तीही बरीचशी हाच खेळ बेसिक या संगणकभाषेत लिहिता यावा म्हणून.

फरक किती पडतो ते बघा. झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाचा पडदा २५६ ठिपके रुंद आणि चित्र सेकंदाला ५० वेळा नवे होते. पॅडल जोडायला जागाच नसल्याने फळी एरवी कळांवरच चालवायची. ती ३२ ठिपक्यांची आणि दर चित्राला ४ ठिपके सरकणारी धरली, तर या कडेपासून त्या कडेपर्यंत ५६ चित्रे लागतात, म्हणजे सेकंदाहून जास्त. वेग दुप्पट करावा तर फळी आठ-आठ ठिपक्यांच्या उड्या मारते आणि चेंडू तिच्या नेमक्या कडेवर घेऊन तिरका काढण्याचे कसब संपते. नॉबवर दोन्ही साधते: मनगटाच्या झटक्यात फळी पलीकडे, बोटाने जरा रेटली की ठिपकाभर. त्यात ‘ब्रेकआउट’च्या मूळ यंत्रात चेंडू चौथ्या आणि बाराव्या टोल्यानंतर वेग घेई, नारिंगी आणि लाल ओळींना लागला की पुन्हा घेई, आणि लाल ओळ भेदून वरच्या भिंतीवर आदळला की फळी निम्मी होई. हे बाणांवर झेपवून दाखवावे!

घरात जुने पॅडल पडून असेल तर ते टाकून देऊ नये. आत बहुधा एक पॉट (नॉब फिरवला की विजेचा रोध कमी-जास्त करणारा भाग) आणि एक बटण, एवढाच संसार. संगणक आपल्याकडचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, रिकामा करतो आणि पॉटमधून तो भरायला किती वेळ लागतो ते मोजतो. रोध जास्त, तर आकडा मोठा. आतली कार्बनची पट्टी झिजली किंवा तिच्यावर धूळ बसली की स्पर्श क्षणभर सुटतो, कपॅसिटर भरत नाही, आकडा थेट टोकाला जातो आणि फळी भलत्याच कडेला उडते. लोक दोष संगणकाला देतात.

पॅडल संगणकापासून काढून उघडा. ज्या दोन पायांना तारा जोडलेल्या आहेत त्यांना रोध मोजण्यासाठी मल्टीमीटर लावून नॉब सावकाश फिरवा. आकडा सलग चढायला हवा. मध्येच उड्या मारत असेल तर पायांजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करण्याचा फवारा) मारा, नॉब टोकापासून टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. गंज सोडवायचे तेल मारू नका, त्याच्या चिकट थरावर धूळ आणखी बसते. एवढे करूनही थरथर राहिली तर पॉट बदला.

बदलताना मात्र गफलत होते. अटारीच्या पॅडलला १ मेगाओहम लागतो, कमोडोर ६४ संगणकाच्या पॅडलला ४७० किलोओहम, ॲपल टूच्या पॅडलला १५० किलोओहम. अटारीचे पॅडल कमोडोरला बिनबोभाट जोडता येते, पण साधारण निम्म्या फेऱ्यानंतर आकडा २५५ वर, म्हणजे कमाल मर्यादेवर, अडकतो आणि पुढचा फेरा वाया जातो. पॉट लिनिअरच घ्या, म्हणजे फिरवू तेवढ्याच प्रमाणात रोध बदलणारा. आवाज कमी-जास्त करण्याचे पॉट बहुधा लॉग असतात, म्हणजे त्यांचा रोध सारख्या प्रमाणात बदलत नाही. ते लावले तर फळी एका बाजूला रेंगाळते आणि दुसऱ्या बाजूला सुसाट सुटते. प्रकार सांगणाऱ्या पॉटवरच्या अक्षरावर विसंबू नका, जुन्या आणि नव्या मालात त्याचा अर्थ उलटा असू शकतो. नॉब बरोबर मध्यावर ठेवून मोजा: १ मेगाओहमच्या पॉटवर ५०० किलोओहमच्या आसपास आकडा आला तर तो लिनिअर.

आणि इम्युलेटरच वापरायचा असेल, तर निदान बाण सोडून माउस घ्या. स्टेला आणि व्हाइस या दोन्ही इम्युलेटरांत माउस पॅडल म्हणून जोडता येतो. टीव्हीवर खेळत असाल तर त्याच्या सेटिंगमधला ‘गेम मोड’ चालू करा, नाहीतर चित्र हातामागे राहते आणि चेंडू हुकतो. तैतोच्या १९८६ च्या आर्केडमधल्या ‘अर्कॅनॉइड’ या विटा फोडण्याच्याच खेळाला तर माउसच जवळचा, कारण त्या यंत्राचा नॉब कितीही फिरवला तरी टोकाला अडत नसे.

– जुन्या संगणकांची दुरुस्ती करणारा एक वाचक